आबांच्या हातचं काम

आमच्या घरात सुरी नव्हती. विळी होती, खुरपं होतं, सरपणाची कुऱ्हाड होती, काकीची भाजीची वेगळी आणि बोंबलाची वेगळी अशा दोन विळ्या होत्या, पण सुरी म्हणून जी वस्तू असते ती आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. माझ्या धाकट्या भावानं एकदा दौंडच्या बाजारातून लाल मुठीची, आंबा कापायची सुरी आणली, तर आजोबांनी ती न बोलता उचलली आणि शेजारी देऊन आले. कारण मला बरंच उशिरा कळलं. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी आमच्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि सगळ्यांनी मिळून शपथ घेतली, की यापुढे गावाची मेलेली जनावरं ओढायची नाहीत, त्यांचं कातडं काढायचं नाही, त्यांचं मांस खायचं नाही. आजोबांच्या हाताला त्या कामात दहा गावांत तोड नव्हती म्हणे. शपथ घेतली त्या दिवशी ते घोड नदीच्या डोहाशी गेले आणि आपली सुरी पाण्यात फेकून आले. त्यानंतर घरात सुरी नाही. सुरीशिवाय संसार छान होतो, हे मी अनुभवानं सांगते.

मी आजोबांना आबा म्हणायची. त्यात नवल नाही. नवल हे की मी सतरा वर्षांची होईस्तोवर सगळं गावच त्यांना आबा म्हणायला लागलं होतं. आधी ते ‘सख्या’ होते. कुणीही, शेंबडं पोरसुद्धा, ‘ए सख्या’ म्हणून हाक मारायचं. शपथेनंतर काही वर्षं गाव चिडून होतं, मग गावानं शिरूरहून गाडीवाला बोलवायला सुरुवात केली, किंवा आपलं जनावर आपणच पुरायचं. माझे वडील, नाना, दौंडच्या लोको शेडमध्ये चिकटले. मी मॅट्रिक झाले. मग सख्याचा सखाराम झाला आणि सखारामाचा आबा. गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार आप्पा, ज्यांच्या शब्दाबाहेर सोसायटी आणि पंचायत दोन्ही नव्हत्या, तेसुद्धा पारावरून जाताना ‘काय आबा, बरं हाय न्हवं?’ असं विचारायचे. नाना म्हणायचे, आबांना ही बढती मिळायला सोळा वर्षं लागली, रेल्वेतसुद्धा इतका वेळ लागत नाही.

दौंडला नानांची क्वार्टर एका खोलीची होती आणि आम्ही भावंडं पाच. म्हणून मला लहानपणीच आबांकडे ठेवलं होतं. घरात आबा, काकी आणि मी. काका ट्रकवर असायचे, महिन्यातून चार दिवस घरी. सकाळ उजाडायची ती पिठाच्या चक्कीच्या इंजिनाच्या पुकपुकीनं, मग काकीच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग आबांचं खाकरणं. काकीच्या हातची बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि हुलग्याचं माडगं यांवर माझा पिंड पोसला. आज डॉक्टरनं मला तिखट बंद केलंय आणि सुनेच्या हातची पिवळी पातळ आमटी मी खाते, तेव्हा काकी डोळ्यांसमोर उभी राहते, कमरेवर हात ठेवून.

गावाबाहेर नदीच्या वळणावर पांढर होती, म्हणजे जुनं गाव उठून गेल्यावर उरलेलं पांढऱ्या मातीचं टेकाड. जमीन आप्पांची, पण काही पिकायचं नाही. तिथं पुण्याचे एक प्राध्यापक दर हिवाळ्यात तंबू ठोकून उत्खनन करायचे. वस्तीतली बरीच माणसं खोदायला जायची. मी मॅट्रिक झाल्यावर घरी बसले होते आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून सरांनी मला खापरांवर आकडे घालायचं काम दिलं. खापरं ब्रशनं धुवायची, उन्हात वाळवायची आणि काळ्या शाईनं त्यांच्या पाठीवर मुंगीएवढे आकडे लिहायचे. सर माझ्याजवळ येऊन म्हणायचे, ‘शांता, तुझं अक्षर म्हणजे छापील!’ त्या वाक्यावर मी दिवसभर उडत असायची. आयुष्यात पुढे पोस्टात तीस वर्षं नोकरी केली, पण तितकी शाबासकी पुन्हा मिळाली नाही.

त्या वर्षी सरांच्या डोक्यात एक वेगळंच आलं. नुसती खापरं मोजून जुनं गाव कळत नाही, ते जगून बघायला हवं, असं ते म्हणाले. हजार-आठशे वर्षांपूर्वीचं एक घर त्यांनी खणून काढलं होतं. खांबांचे खड्डे, चूल, रांजणाची बैठक, सगळं. बाजूलाच तसंच घर उभारायचं ठरलं. तेवढ्याच अंतरावर खांब, कुडाच्या भिंती, वर गवत. लोहारानं कोळशाच्या भट्टीवर, गंजक्या नमुन्याबरहुकूम खिळे, विळे आणि एक आखूड पात्याची सुरी घडवली. कुंभारानं तसलीच मडकी केली. शेवटी तीन दिवसांचं प्रदर्शन, पुण्याहून पाहुणे, शिरूरच्या शाळांच्या सहली, मामलेदार. गावाला जत्रेसारखं झालं. सर एकदा आमच्याकडे जेवायला आले (तेव्हा आमच्याकडे जेवणारे पुण्याचे प्राध्यापक विरळाच, आणि ते मांडी घालून दोन भाकरी जेवले) आणि चटणीकडे बोट दाखवून म्हणाले, की त्या काळी आपल्याकडे मिरची नव्हती, शेंगदाणाही नव्हता, बटाटा-टोमॅटो तर नव्हताच. काकी थापती भाकरी थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. ‘मिरची न्हाई, शेंगदाणा न्हाई, मग कालवण कशाचं करत व्हते? पाण्याचं?’ सर म्हणाले, मिरी आणि चिंच. काकी म्हणाली, ‘म्हणूनच उठलं आसंल गाव.’ आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता मूळ गोष्ट. एका दुपारी आबा माझी भाकरी घेऊन पांढरीवर आले. सरांनी टेबलावर जनावरांची जुनी हाडं मांडली होती आणि भिंगातून त्यांवरचे बारीक चरे बघत होते. आबा माझ्या मागं उभे राहून बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, खुराच्या वरचं एक नळीचं हाड उचललं, उन्हाला धरून फिरवलं आणि म्हणाले, ‘ह्यो गडी डावरा व्हता.’

सरांनी भिंग खाली ठेवलं. ‘काय म्हणालात?’

‘डावरा. डाव्या हाताचा. आन् शिकाऊ. बगा, एका जागी तीनदा सुरी लावलीया, धीर न्हाई धरला. जाणता आसता तर एकाच फेऱ्यात कातडं सुटलं आसतं. आन् हे चरं समदे उलटे. उजव्या हाताला आसं यायचंच न्हाई.’ त्यांनी हवेत हात फिरवून दाखवलं. मग दुसरं हाड, तिसरं. ‘ह्यो दुसरा. ह्यो जाणता. ह्याच्या आपुन पाया पडावं.’

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी आबांसाठी स्वतःची खुर्ची ओढली. तासभर ते विचारत होते आणि आबा सांगत होते आणि मी लिहून घेत होते. सर कातडं कमावण्याबद्दल विचारायला लागले तर आबांनी मध्येच थांबवलं, ‘न्हाई न्हाई, काडणं आमचं, कमवणं ढोर जातीचं, जोडा चांभाराचा. एकाचं दुसऱ्यात घालू नगा.’ सर म्हणाले, बरोबर, चुकलो. पुण्याचा प्राध्यापक आबांना ‘चुकलो’ म्हणाला! मला इतका अभिमान वाटला की मी शाई सांडली.

दोन दिवसांनी सरांनी विचारलं, की प्रदर्शनात लोहाराच्या सुरीनं हे काम करून दाखवाल का. आबा ताडकन नाही म्हणाले. शपथ आहे. सरांनी पुष्कळ विचार करून तोड काढली: खाटकाकडून कापून आणलेलं बकरं. बकरं तर कुणीही सोलतं, त्यात शपथ कुठं मोडते? आबा ‘बगतो’ म्हणाले. ते ऐकताच मला कळलं, की त्यांना करायचंय. घरी ओट्यावर बसल्या बसल्या त्यांची बोटं मांडीवर हलत असायची. मूठ वळायची, सुटायची. काकीलाही हे दिसत होतं.

‘बकरं आन् बैल ह्यातला फरक तुमास्नी कळतोय मामंजी,’ ती म्हणाली, ‘गावाला कळंल व्हय?’

आबा माझ्याकडे बघून बोलले, काकीकडे नाही. ‘शांते, ह्यो सायेब इचारतोय गं. माज्या आक्ख्या जल्मात लोकांनी मला ह्ये कर म्हणून सांगितलं. तू ह्ये कसं करतोस, म्हणून कुणी इचारलं न्हाई.’

मी त्या वेळी काकीची बाजू घ्यायला हवी होती. मी घेतली ती सरांची. मी म्हणाले, करा आबा, सगळे बघू देत. सतरा वर्षांची पोर, अक्षराच्या कौतुकानं फुगलेली. तिला काय कळतं, म्हणून मी स्वतःला पुष्कळदा माफ करून बघितलंय. होत नाही.

आणखी एक गोष्ट मी केली, ती तर कुणाला सांगितलीही नव्हती. प्रत्येक कामाशेजारी पाटी लावायची होती आणि सगळ्या पाट्या मी रंगवत होते. लोहारकाम, कुंभारकाम, दळण, कांडण. सर मजकूर सांगायचे, मी लिहायची. शेवटच्या पाटीला सर म्हणाले, ‘मेलेल्या जनावरांचे कातडे काढणे. हे काम गावातील अमुक लोक करीत.’ अमुकच्या जागी त्यांनी आमच्या जातीचं जुनं नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही; एकदा लिहिलं तेवढं पुरे. माझा ब्रश थांबला. मी म्हणाले, ‘सर, ते नाव...’ सर अगदी मायेनं म्हणाले, ‘शांता, आपण करीत म्हणतोय, करतात नाही. हा इतिहास आहे. इतिहासाला लाजायचं नसतं.’ त्यांचं म्हणणं चूक होतं असं आजही मला धडपणे सिद्ध करता येणार नाही. मी लिहिलं, आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट ही की सुंदर लिहिलं. वेलांट्या, उकार, सगळं डौलदार.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी आबांची पाळी होती. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, सदरा काढून ठेवलेला. बाभळीच्या फांदीला बकरं टांगलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर मामलेदार, आप्पा, पुण्याच्या बायका. मागे शाळेची पोरं आणि सगळं गाव. आबांनी सुरी अंगठ्यावर लावून बघितली आणि सुरुवात केली. मला वाटलं होतं, नुसती कापाकापी असेल. तसं नव्हतंच. सुरी कमी आणि मूठ जास्त. कातडं आणि मांस यांच्या मध्ये ते मूठ सरकवत होते, हळू, गाठी सोडवल्यासारखं, आणि कातडं लहान मुलाचा सदरा काढावा तसं उलटं होत खाली येत होतं. कुठं भोक नाही, रक्ताचा डाग नाही. कुणी खोकत नव्हतं. आबांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. सत्तरीचा माणूस चाळीशीचा दिसत होता. कातडं पूर्ण सुटलं तेव्हा टाळ्या पडल्या. सरांनी स्वतः पुढे येऊन त्यांच्या हातावर पाणी घातलं.

त्याच टाळ्यांत आप्पा शेजारच्या मामलेदाराला म्हणाले, ‘आमच्या गावचंच जुनं माणूस. पाटीवर लिवलंय बघा, परंपरा हाय त्यांची.’ आणि आबांकडे बघून, मोठ्यानं, कौतुकानं म्हणाले, ‘वा रे सख्या!’

आप्पांच्या मनात त्या क्षणी वाईट काही नव्हतं, याची मला खात्री आहे. तेच तर वाईट आहे. जुनं घर, जुनी चूल, जुनी मडकी यांच्या मध्ये जुनं नाव त्यांच्या तोंडी आपोआप आलं, इतकंच. आबा हसले. पण त्यांचे ओले हात तसेच पुढे धरलेले राहिले, आणि सर पाणी घालायचं थांबून कितीतरी वेळ झाला होता.

प्रदर्शन संपलं. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, ‘काय सख्या, तंबाखू दिऊ?’ परवा चक्कीवाला. तेरवा पारावर बसलेली कालची पोरं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सोळा वर्षांत मिळालेलं दोन अक्षरांचं काहीतरी होतं, ते त्यांनी सहज परत घेतलं, उसनी दिलेली घमेली परत नेतात तसं. काकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ताट समोर सरकवायची आणि वळायची. मी दोघांच्या मध्ये, आणि मला काहीच करता येत नव्हतं. पाटी काढून आणून मी चुलीत घातली, ती रंगामुळे धुरकट जळली, पण गावाची ती वाचून झाली होती.

आठ-दहा दिवसांनी आप्पांचा खिलारी बैल पोट फुगून मेला. सकाळी त्यांचा गडी आमच्या अंगणात आला, चपला न काढता उभा राहिला आणि म्हणाला, ‘सख्याला बोलवलंय आप्पांनी. सुरी घिऊन ये म्हणालं.’

काकी दारात आली. ‘शिरूरचा गाडीवाला मेला का काय?’

‘गाडीवाला कशाला? घरचं माणूस आसताना? समद्या तालुक्याफुडं केलं की, तवा न्हाई शपथ आडवी आली? आप्पा म्हणालं, आज यायचंच. आजपासून सगळ्यांनीच.’

‘सगळ्यांनीच’ हा शब्द सगळ्या वस्तीनं ऐकला. दारादारांत माणसं उभी होती. आज आबा गेले, तर उद्या प्रत्येक घरातल्या माणसाला जावं लागणार. नाही गेले, तर आप्पांच्या उसाच्या तोडणीवर आणि पाटाच्या कामावर वस्तीतल्या कुणाला घेणार नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर. सगळे नुसते आबांकडे बघत होते, आणि आबा जमिनीकडे.

मी पळत सुटले. पांढरीवर सर सामान बांधत होते, ट्रंका भरल्या होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. सर खाली बसले. ‘अरे देवा,’ म्हणाले. मग, अगदी नकळत, त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘मोठ्या जनावराच्या हाडांवरचे चरे पाहायला मिळाले असते...’ आणि ते माझ्याकडे बघून थांबले आणि कानापर्यंत लाल झाले. त्यांना माझ्यासमोर असं लाजलेलं बघणं मला सहन झालं नाही. ते म्हणाले, ‘चल. मी बोलतो आप्पांशी.’ मला वाटलं, झालं, सुटलो.

आम्ही पोचलो तेव्हा आबा आप्पांच्या गोठ्यासमोर उभे होते, रिकाम्या हातांनी. मागं काकी, तिच्या मागं वस्तीतले चार-सहा जण. पलीकडे निम्मं गाव. बैल पाय ताठ करून पडला होता. पांढरा, देखणा, माशा घोंगावत होत्या. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांचे डोळे सुजलेले होते, बैलावर त्यांचा जीव होता.

‘आलास सख्या,’ ते म्हणाले. ‘सुरी कुठाय?’

‘आप्पा,’ आबा म्हणाले, ‘मला ह्ये येत न्हाई.’

आप्पांना ऐकू आलं नसावं असं वाटलं. ‘काय?’

‘मला येत न्हाई. लई वर्सं झाली. हात इसरलं.’

‘आरं, त्या दिशी आमच्या डोळ्यांदेखत केलंस की!’

‘त्ये नाटक व्हतं आप्पा. सायबानं जसं शिकवलं तसं हात हलवलं. बकरं व्हतं म्हणून जमलं. ह्यातलं मला काय बी ठावं न्हाई.’ आणि मग ते वळले, आणि सरांना बघून म्हणाले, ‘सायेब, सांगा की. तुमीच शिकवलं न्हवं?’

सगळे सरांकडे बघायला लागले. सर काहीतरी बोलणार म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तोंड उघडलं, मिटलं. आज मला त्यांची अडचण समजते. हो म्हणाले तर त्यांनी वहीत लिहिलेलं सगळं, ते चरे, तो डावखुरा, तो शिकाऊ, सगळं खोटं ठरणार. त्यांच्या विद्येशी ती बेइमानी. शिवाय पांढर आप्पांची, पुढच्या वर्षी परत यायचं. नाही म्हणाले तर आबा संपले. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. तेवढ्या मोठ्या माणसाला मी त्या दिवशी लहान झालेलं बघितलं.

‘व्हय,’ मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका वाटला. ‘सरांनी कागदावर चित्रं काढून शिकवलं होतं. तीन दिवस शिकवत होते. मी लिहून घेतलंय.’

सरांनी मान हलवली. हो की नाही, ते कळू नये अशी.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. ‘म्हाताऱ्याला भ्या वाटतंय!’ ‘आरं, पुण्याच्या सायबानं शिकवायचं आन् ह्यानं शिकायचं!’ हसू पसरत गेलं. दहा गावांत ज्याच्या हाताला तोड नव्हती, तो माणूस हसणाऱ्या गावासमोर मान खाली घालून, आपल्याला काही येत नाही म्हणून उभा होता, आणि ते खोटं टिकावं म्हणून मी देवाला न मानताही कुणाकुणाची प्रार्थना करत होते. आप्पांनी हात झटकला. ‘जा मग. काय उपेगाचा तू.’ त्यांनी आपल्या गड्यांना फावडी आणायला सांगितली. बैल बांधाच्या कडेला पुरला.

वस्तीवर त्यानंतर कधी बोलावणं आलं नाही. आबांना पुढे कुणी आबाही म्हणालं नाही. पुष्कळ वर्षांनी, मी पोस्टात असताना, पुण्याच्या एका वाचनालयात सरांचा अहवाल चाळला. घराचे नकाशे होते, मडक्यांची चित्रं होती. हाडांवर अर्ध पान होतं: चरे आढळतात, तथापि स्थानिक माहितीदाराच्या कौशल्याविषयी खात्री नसल्यानं निष्कर्ष काढलेला नाही. मी ते पुस्तक बंद केलं आणि खिडकीतून खाली रिक्षा बघत उभी राहिले. सरांचा मला राग येत नाही. यायला हवा, असं मुलं म्हणतात.

बैल पुरला त्या संध्याकाळी काकीनं इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आबांशी शब्द काढला. ‘गरम हाय तोवर खावा मामंजी,’ म्हणाली, आणि भाकरीवर तेल सोडलं. आबांनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला केलं. दिवेलागणीला वस्तीतल्या विहाराच्या अंगणात, रोजच्यासारखी, सगळे वंदनेला बसले. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. वंदना मी सांगायची, कारण माझे उच्चार स्वच्छ; मी एक ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी म्हणायची. आबा नेहमीच्या जागी, माझ्या समोर, हात जोडून. पाच शीलं रोज आम्ही पुन्हा पुन्हा घेतो. हिंसा करणार नाही. सगळ्यांबरोबर आबांचा जाड आवाज आला. चोरी करणार नाही. आला. व्यभिचार करणार नाही. आला. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी ते म्हटलं, कारण मला म्हणावंच लागत होतं. मागून सगळी वस्ती बोलली, आणि त्यात आबांचा आवाज नव्हता. ओठ मिटलेले, हात जोडलेले, डोळे उघडे आणि माझ्यावर रोखलेले. मी थांबले असते तर सगळ्यांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं असतं. म्हणून मी थांबले नाही. पाचवं म्हणायला घेतलं, आणि पाचव्याला आबा पुन्हा सगळ्यांबरोबर बोलायला लागले.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. वंदना एकही दिवस चुकवली नाही. चौथ्या शीलाला रोज गप्प राहिले, आणि मी रोज ते स्वच्छ उच्चारात म्हणत राहिले.